तीनशे तेरावी टाचणी

४ मार्च

वाचाबाईंनी एक निळी वही दिलीय. नाना दिवसभरात काय बोलले, कधी बोलले, काय बघून बोलले, ते तिच्यात लिहायचं आणि दर मंगळवारी त्यांना दाखवायचं. नाना म्हणजे माझे सासरे. अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. सहा आठवड्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकदम गेलं. वाचाबाई त्यांना परत बोलायला शिकवायला येतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव वाचाबाई.

ही वही मात्र वेगळी. ही माझ्या दुकानातली मापांची वही, मागच्या बाजूने सुरू केलीय. निळ्या वहीत लिहिता येत नाही ते कुठेतरी लिहायला हवं, नाहीतर माझं पोट फुटेल.

तर लिहूनच टाकते. नानांच्या पुस्तकाचं मी वाटोळं केलंय. अजून कुणाला माहीत नाही.

५ मार्च

कसं केलं ते सांगते. नाना बारा वर्षं एक पुस्तक जमवताहेत. इंग्रजीत लोक सर्रास वापरतात ते वाक्प्रचार, त्यांचे अर्थ, आणि ते मुळात आले कुठून. प्रत्येकाचं एक छोटं कार्ड, त्यावर फक्त इंग्रजी शब्द. आणि एक मोठं कार्ड, त्यावर मराठीत अर्थ, मूळ, आणि शेवटी 'वाक्यात उपयोग'. छोटं मोठ्यावर ठेवायचं आणि टाचणी लावायची. मोठ्या कार्डावर तो वाक्प्रचार परत लिहायचा नाही. का, तर पोरांनी आधी मूळ वाचून ओळखून बघावं. मास्तरकी अंगातून जात नाही ती अशी.

नाना दवाखान्यात होते तेव्हा मला घर खायला उठलं होतं. म्हटलं, ते येईपर्यंत त्यांचं टेबल लख्ख करू. खोकं उघडलं तर टाचण्या गंजलेल्या, कार्डांवर तपकिरी डाग. आता मी बावीस वर्षं कपडे शिवते. टाचणी दिसली की माझा हात आपोआप जातो. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्यात टाचणी राहता कामा नये. एकदा एका नवरदेवाच्या कोटात राहिली होती, तो बिचारा सगळं लग्न ताठ बसून होता आणि लोक म्हणाले काय रुबाबदार मुलगा आहे. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय.

काढल्या सगळ्या. एकूण एक. मग छोटी कार्डं एका खोक्यात, मोठी दुसऱ्या खोक्यात, वर रिबिनी. गुणगुणत होते मी रिबीन बांधताना! छोटी तीनशे तेरा, मोठी तीनशे बारा. तेव्हा मनात आलं, नाना एक कुठेतरी चुकले वाटतं. माझी चूक मला दोन दिवसांनी कळली, आंघोळ करताना. अंगावर पाणी गरम होतं आणि मी गार पडले.

७ मार्च

प्रकाशकांचा फोन. शाळांसाठी पुस्तकं छापतात ते. म्हणाले, "वहिनी, दहा एप्रिलला मी स्वतः येतो. नानांची कार्डं घेऊन जातो आणि तशीच छापायला देतो. त्यानंतर मात्र थांबता येणार नाही, त्या जागी दुसरं पुस्तक घ्यावं लागेल."

नाना पलंगावर होते. त्यांनी फोनमधलं ऐकलं. सहा आठवड्यांत आपणहून बूड न हलवलेला माणूस डाव्या हाताने कठडा धरून उठून बसला आणि खणखणीत म्हणाला, "फुल स्टीम अहेड!"

माझ्या हातून कप निसटला. वाचाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "होतं असं कधी कधी, ताई. स्वतः जुळवून बोलणं जातं, पण वर्षानुवर्षं घोकलेलं, तयार वाक्य अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. आपल्याला पुढे वाट बघायचीय ती त्यांनी स्वतः जुळवलेल्या शब्दांची. दोन शब्द का असेनात. आणि ते पुस्तक होऊ द्या. त्याहून मोठं औषध माझ्याकडे नाही."

औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून मीच ती मोरीत ओतलीय.

११ मार्च

ठरवलं. नवऱ्याला सांगायचं नाही, नानांना तर नाहीच. आपण उसवलं, आपणच शिवायचं. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. नानांचा पलंग आम्ही दुकानाच्या खोलीतच हलवलाय, कारण त्यांना रस्ता बघायला आवडतो. दुपारी ते डोळे मिटून पडतात. तेवढ्यात पलंगाला लागून असलेल्या कापायच्या टेबलावर कार्डं पसरायची.

माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. शब्द वाचता येतात, पण नुसते वाचून काय उपयोग? एका मोठ्या कार्डावर लिहिलंय की जुन्या काळी ओली लोकर विणली की ती आकसू नये म्हणून लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी आकड्यांना ताणून वाळवत, आणि त्यावरून जीव टांगणीला लागलेल्या माणसाला हे म्हणू लागले. हे वाचून मला हसू आलं, कारण कापड ताणणं मला नाही कळणार तर कुणाला? छोट्या कार्डांत 'हुक' शोधलं. मिळालं! 'ऑन टेंटरहुक्स'. पहिली जोडी लागली आणि मी स्वतःलाच शाब्बास म्हटलं. सध्या माझीच चौकटीवर ताणलेली लोकर झालीय ही गोष्ट वेगळी.

दिवसभरात तीन जोड्या. राहिल्या तीनशे नऊ.

दाराजवळच्या खुंटीवर दवाखान्याने दिलेली पिशवी आहे. तिच्यात नानांचा त्या दिवसाचा शर्ट. घाईत तिथल्या लोकांनी बाही कातरली होती. दुरुस्तीच्या कपड्यांत धरलाय मी, पण हात लावायचा धीर होत नाही. नाना सारखे त्या पिशवीकडे बघतात. त्यांना तो दिवस आठवायला नको, म्हणून आज पिशवी दाराआड सरकवली.

१२ मार्च

आज अंगाचा तिळपापड झालाय. छोट्या कार्डांत एक मराठी कार्ड निघालं. अक्षर नानांचं. लिहिलंय: उजवा खिसा.

म्हणजे बारा वर्षं खपून जगासाठी पुस्तक करायचं आणि त्यात सुनेचा पोपट करायचा!

गोष्ट अशी. लग्न होऊन मी या घरात आले त्याला अकरा दिवस झाले होते. नानांच्या शाळेत मोठा कार्यक्रम होता. मला तेव्हा जेमतेम मशीन चालवता येई. खुंटीला टांगलेला त्यांचा शर्ट समोर बघत बघत मी गुपचूप नवा शिवला, आणि समोरून उजवीकडे दिसतो तो खिसा, म्हणून सरळ उजवीकडेच लावला. शर्ट घातल्यावर खिसा डावीकडे असतो हे मला कळलं ते नाना मंचावर उभे राहिल्यावर. तीनशे माणसं समोर. नवरा पोट धरून हसला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुठल्याही घोटाळ्याला 'उजवा खिसा' म्हणतात. पाव करपला, उजवा खिसा. दूध उतू गेलं, उजवा खिसा.

नाना स्वतः तो शब्द कधी बोलत नाहीत. पण त्यांनी त्याहून वाईट केलं. त्यानंतर मी शिवलेल्या प्रत्येक शर्टाला उजवीकडेच खिसा लावायला लावला. मी म्हणे, "नाना, डावीकडे लावते की, आता येतो मला." तर म्हणत, "नको, पोरी. उजवीकडेच." बावीस वर्षं! दर शर्टाला एक टोमणा. मी तोंडातून शब्द काढला नाही.

याचं मोठं कार्ड सापडत नाही. बरंच आहे. कार्ड मशीनच्या ड्रॉवरमध्ये कोंबलंय, बॉबिनांच्या खाली.

१५ मार्च

काल एक जोडी लावली होती. 'फ्लॅश इन द पॅन' आणि जत्रेत तव्यावरच्या गरम गोड पोळ्या पटापट खपायच्या ते कार्ड. पॅन म्हणजे तवा, हे मला माहीत आहे म्हणून फार खूश होते मी. टेबलावर दाबून ठेवली होती, वर इस्त्री.

आज सकाळी नवऱ्याने जाहीर केलं की उद्यापासून पहाटे पाचला उठून तो सहा किलोमीटर चालणार. लिफ्ट दुरुस्त करतो तो, स्वतः मात्र एक जिना चढत नाही. नानांनी त्याच्याकडे बघितलं, डाव्या हाताची बंदूक केली, "ठो" असा तोंडाने आवाज काढला, मग मान हलवली, म्हणजे ठो झालंच नाही, आणि म्हणाले, "फ्लॅश इन द पॅन."

निळ्या वहीत लिहिलं: सकाळी आठ, मुलाला बघून. बंदूक का ते कळलं नाही.

दुपारी दुसरंच काही शोधताना एक मोठं कार्ड हातात आलं. जुन्या बंदुकीच्या बाजूला दारूची वाटी असे, कधी कधी नुसता तिथेच भडका उडे आणि गोळी काही सुटत नसे, म्हणून चार दिवसांच्या उत्साहाला असं म्हणतात. कपाळ माझं! जोडी बदलली. गोड पोळ्यांना 'हॉट केक्स' मिळालं. काय योगायोग तरी.

नवरा उद्या पाचला उठणार नाही, हे ओघाने आलंच.

१९ मार्च

वाचाबाई निळी वही वाचून फार खूश. "ताई, आठवड्यात अकरा वाक्यं! आणि सगळी जागच्या जागी!" मग मला विचारलं की नाना सकाळीच का बोलतात, दुपारी का नाही. मी म्हटलं, दुपारी झोपलेले असतात.

एक चांगली बातमी. एकेचाळीस मोठ्या कार्डांवर मुळाच्या जागी एकच ओळ आहे: "नक्की ठाऊक नाही. लोक बऱ्याच गोष्टी सांगतात, एकही खरी धरू नये." कुत्री-मांजरी पडण्याइतका पाऊस का म्हणतात, ते नक्की ठाऊक नाही. इतक्या शिकलेल्या माणसाने इतक्या वेळा 'ठाऊक नाही' लिहावं याचं मला कौतुक वाटलं. माझं एकही गिऱ्हाईक असं नाही.

एक काळजीची बातमी. नाना दिवसातून दहा वेळा डाव्या हाताने छातीची उजवी बाजू चाचपतात. आजारानंतर बटणं नकोत म्हणून मी त्यांना गळ्यातून घालायचे बिनखिशाचे शर्ट शिवलेत, तरी चाचपणं चालूच. मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. इसीजी काढला. अगदी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "हृदय उजवीकडे नसतं हो." एवढं मलाही कळतं. नानांनी डॉक्टरांकडे असं बघितलं जसं ते नापास मुलाकडे बघत असतील.

२२ मार्च

एकसष्ट झाल्या. राहिल्या दोनशे एक्कावन्न. दिवस राहिले एकोणीस.

आज दुपारी जहाजं पुढ्यात आली. जहाजांची कार्डं चाळीसच्या वर आहेत. या लोकांनी जमिनीवर पाय ठेवला होता की नाही? शिडं, दोर, झेंडे, वारा मागून, वारा पुढून. मला समुद्रातलं काय कळतंय? हातातला टॉवेल मशीनवर आपटला, खाली बसले आणि रडले. आवाज न करता, नाना उठू नयेत म्हणून.

पलंगावरून आवाज आला, "थ्रो इन द टॉवेल?" डोळे मिटलेलेच. झोपेत बोलले. पण स्वर प्रश्नाचा होता, वर्गात उभं करून विचारतात तसा.

मला टॉवेलचं कार्ड आठवलं. मुष्टियुद्धात आपला माणूस फारच मार खायला लागला की त्याचा गुरू मैदानात टॉवेल टाकतो, हरलो म्हणून. जोडी लावली. बासष्ट. मग नाक पुसलं, त्याच टॉवेलला, आणि जहाजं परत समोर घेतली.

२५ मार्च

नानांचं आज काहीतरी बिनसलंय. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर येते तर त्यांनी टेबलावरची दोन कार्डं उचललेली, एकावर एक ठेवून खिडकीतल्या उन्हाकडे धरलेली. लहान मूल काच धरतं तशी. वाटलं, पकडले गेले. पण ते वाचत नव्हते, नुसते उजेडाकडे बघत होते. मग म्हणाले, "लाइट अ‍ॅट द एंड ऑफ द टनेल." दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा ओरडूनच.

मी हळूच कार्डं काढून घेतली आणि चहा दिला. त्यांनी सुस्कारा टाकला. मेंदूला थकवा येतो म्हणे.

२६ मार्च

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

मी किती हुशार आहे ते कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. आज एक कार्ड पडलं ते उचलताना ऊन त्याच्या आरपार आलं आणि मला दोन बारीक भोकं दिसली. टाचणीची! एक आत जायचं, एक बाहेर यायचं. आणि भोवती गंजाचा डाग. नाना टाचणी लावायचे ती कधी तिरकी, कधी आडवी, एकसारखी दोन नाहीत. म्हणजे ज्या छोट्या कार्डाची भोकं ज्या मोठ्या कार्डाच्या भोकांवर बसतील, ती जोडी. बाही खांद्याला जोडताना मी खुणेवर खूण ठेवते, तेच काम. इंग्रजी कशाला लागतंय त्याला?

दोन तासांत अठ्ठावीस. आणि हे मला एकटीला सुचलं! जीव भांड्यात पडला. आपल्याकडे तो भांड्यातच का पडतो, याचं कार्ड कुणी करणार आहे का? बहुतेक नक्की ठाऊक नाही.

नाना दिवसभर गालातल्या गालात हसत होते. कशाला ते निळ्या वहीत लिहिता आलं नाही.

३१ मार्च

दोनशे झाल्या. ताठ बसायची सवय झालीय, त्या नवरदेवासारखी.

गंमत म्हणजे आता मी कार्डं वाचायलाही लागलेय. जोडी भोकांनी लागते, पण मग वाचल्याशिवाय राहवत नाही. सरकारी फायली लाल फितीने बांधत, त्यावरून 'रेड टेप'. लोकर कातायच्या आधीच रंगवली की रंग कधी जात नाही, म्हणून मुरलेल्या माणसाला 'डाइड इन द वूल'. कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून उडतं, तसा माणूस चटकन भडकला की 'फ्लाय ऑफ द हँडल'. हे वाचून मला नवरा आठवला आणि वाक्यात उपयोग वाचून तर खात्रीच पटली. नानांनी लिहिलंय: "चहा गार झाला की माझा मुलगा दांड्यातून निसटतो."

म्हणजे सुनेलाच नाही, मुलालाही सोडलेलं नाही. जरा बरं वाटलं.

३ एप्रिल

सकाळी घाईत माझ्याकडून पाव करपला. नवरा म्हणाला, "झाला का उजवा खिसा!"

एरवी मी सोडून देते. आज नाही सोडलं. "बावीस वर्षं झाली," म्हटलं, "एक खिसा चुकला माझा. तेव्हापासून या गावातली अर्धी माणसं माझे खिसे लावून हिंडताहेत, ते नाही दिसत कुणाला!"

नवरा म्हणाला, "अगं, गमतीने म्हणतो."

"मला नाही येत गंमत."

इतक्यात नानांनी कप बशीवर आपटला. चहा सांडला. चेहरा लालबुंद. नवऱ्याकडे बोट करून म्हणाले, "बार्किंग अप द राँग ट्री!" म्हणजे भलत्याच झाडाखाली भुंकतोयस, आणि परत डाव्या हाताने ती छाती चाचपायला लागले, जोरजोरात, मग दाराकडे बोट दाखवलं.

नवरा चुपचाप डबा घेऊन कामावर गेला. त्याला बाहेर काढलं नानांनी, माझ्यासाठी. मला भरून आलं. पण मग ड्रॉवरमधलं कार्ड आठवलं. माझी बाजू घेणारा माणूस ते कार्ड कशाला लिहील? कळत नाही मला हा माणूस.

७ एप्रिल

तीनशे बारा. झाल्या. एकही जोडी उरली नाही.

उरलं ते एकच, छोटं, ड्रॉवरमधलं. आज बाहेर काढून उन्हात धरलं. त्याला भोकच नाही. म्हणजे त्याला कधी टाचणी लागलीच नव्हती, मोठं कार्ड लिहिलंच नसेल. मग हे फाडलं तर कुणाला कळणार? दोन बोटांत धरलं. फाडायला एक क्षण लागतो, शिवणारीला तर तेवढाही नाही.

नाही फाडलं. तीनशे बारा परत जोडल्यावर एक फाडायचं म्हणजे कसंतरीच वाटलं.

८ एप्रिल

आज सांगून टाकलं. पुस्तक बचावलं, आता खोटं कशाला? नानांच्या पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले आणि सगळं ओकले. टाचण्या मी काढल्या, रिबिनी बांधल्या, महिनाभर तुमच्या नाकासमोर चोऱ्या केल्या. "तुम्ही झोपायचात तेव्हा करत होते, नाना. तुमचं पुस्तक बुडवलं असतं मी. लाज वाटते मला."

नानांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "ओपन सीक्रेट."

हा शब्द मला कार्डाशिवाय येतो. पण मी इतकं लपवलं, तरी यांना कळलं कसं? आणि कधी? विचारलं तर परत बंदूक करून दाखवली. आता त्या बंदुकीचा इथे काय संबंध!

९ एप्रिल

उद्या प्रकाशक येणार. नानांनी गळ्यातून घालायचा शर्ट फेकून दिला आणि दाराकडे बोट. परत परत दाराकडे. शेवटी मी दाराआडची पिशवी काढली, तर मान डोलावली. त्यांना तो शर्ट हवा होता. मी पिशवी सरकवली होती आणि हा माणूस महिनाभर दाराकडे बघत पडला होता.

तर आज दुपारी तो शर्ट मांडीवर घेतला. धीर केला. कातरलेली बाही पूर्ण उसवली, त्याच कापडाचा तुकडा माझ्या चिंध्यांच्या पेटीत होता, नवी कापून जोडली. मग इस्त्री करायला पसरला. उजव्या खिशात काहीतरी टणक लागलं.

मोठं कार्ड. चार घड्या केलेलं. त्या दिवशी सकाळी ते हेच लिहीत बसले होते. मी चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी घाईने काहीतरी खिशात घातलं होतं, आता आठवतंय. आणि मग तासाभरात ते सगळं. जसंच्या तसं उतरवते:

"अर्थ: आमच्या घरात हा शब्द घोटाळा या अर्थी वापरतात. तो अर्थ चूक आहे. खरा अर्थ: आपल्यासाठी कुणी जीव लावून केलेली चूक, जी उसवू नये.

मूळ: नक्की ठाऊक आहे. सून घरात येऊन अकरा दिवस झाले होते. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात माझ्या मापाचं काही कुणी आपणहून शिवलं नव्हतं. मी तो शर्ट घालून मंचावर गेलो तेव्हा खिसा कुठे आहे ते मला माहीत होतं. आरशात बघूनच निघालो होतो. त्यानंतर दुसऱ्या बाजूचा खिसा मला चालला नाही.

वाक्यात उपयोग:"

पुढे काही नाही. एवढंच.

मी शर्टाला तोंड लावून रडले. इस्त्री तापून तापून बंद पडली. बावीस वर्षं मी टोमणा समजत होते आणि हा माणूस दर शर्टाला मला काय सांगत होता! मी किती मूर्ख आहे! आणि मी छातीचा इसीजी काढून घेतला!

१० एप्रिल

सकाळी शर्ट घातला नानांना. ते आधी खिशात हात घालून बघतात की काय ते मला पाहायचं होतं. घातला. डावा हात उजव्या खिशात कसा अलगद गेला. कार्ड होतं तिथेच, मी परत ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी त्यांची कॉलर सरळ केली.

अकराला प्रकाशक आले. तीनशे बारा जोड्या, नव्या टाचण्या, मीच लावलेल्या. ते एकेक बघत गेले, "वा, वा" करत. नानांनी शेवटी खिशातलं कार्ड काढून टेबलावर सरकवलं. मी ड्रॉवर उघडून बॉबिनांखालचं छोटं काढलं.

प्रकाशकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पण नाना, हा तर इंग्रजी वाक्प्रचार नाही."

नाना म्हणाले, "लास्ट बट नॉट लीस्ट."

प्रकाशक म्हणाले, "बरं. शेवटी घालू. पण वाक्यात उपयोग रिकामाच आहे."

नानांनी टेबलावरचं पेन डाव्या हाताने उचललं आणि माझ्याकडे धरलं. मी म्हटलं, "मी? नाना, माझं अक्षर..." त्यांनी पेन हलवलं नाही. वर्गात फळ्याशी बोलावतात तसं धरून बसले.

मी लिहिलं. कापडावर खडूने लिहायची सवय, म्हणून अक्षर मोठं आलं. लिहिलं:

"नानांच्या कार्डांच्या टाचण्या काढल्या, हा माझा उजवा खिसा."

नानांनी वाचलं. ओठ हलले. काहीतरी जुळवत होते, घाम आला कपाळावर. प्रकाशक काही बोलायला लागले, मी हाताने त्यांना थांबवलं.

"पोरी," नाना म्हणाले. मग बराच वेळ गेला. "टाचणी."

निळ्या वहीत लिहिलं: सकाळी साडेअकरा. दोन शब्द. माझ्या हातातली दोन कार्डं बघून. दोन्ही शब्द स्वतःचे.

मनगटावर बांधलेल्या टाचण्यांच्या गादीतून एक टाचणी काढली आणि दोन्ही कार्डांना लावली.